चांदणी लावायची वेळ

सोन्याच्या शाळेतला नाताळचा कार्यक्रम मी पहिल्यांदा खरोखर बघितला तो गेल्या डिसेंबरात. त्याआधी दोनदा मी हॉलमध्ये बसले होते, पण त्या दोन्ही वेळचं स्टेज मला आठवत नाही. पहिल्या वर्षीचं आठवतं ते पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून केलेलं तोंड. दुसऱ्या वेळची आठवते ती बाजूच्या दाराची कडी. तासभर माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती. वेळ आली तर हे दार उघडेल ना, की बाहेरून लावलंय?

सोन्या हे त्याचं घरातलं नाव. वय आठ, इयत्ता दुसरी. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. सोन्या स्वतःत मग्न नसतो. तो पंख्यात मग्न असतो, जिन्याच्या पायऱ्यांत असतो आणि सगळ्यांत जास्त स्विचबोर्डात असतो. बोलतो थोडं, एक-दोन शब्दांचं. समजतं त्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. बडोद्यात आवाजाला सुट्टी नसते. गणपतीचे ढोल-ताशे सुरसागर तलावाच्या बाजूनं येतात, मग नऊ रात्री गरबा, मग दिवाळी, मग लग्नाच्या वराती, आणि त्या संपताहेत तोवर उत्तरायण येतं, गच्चीगच्चीवर स्पीकर चढतात. आपले कान यातलं नको ते आपोआप मागं ढकलतात. सोन्याचे कान ते करत नाहीत. कुकरची शिट्टी, मिक्सर, आजीच्या बांगड्या आणि रस्त्यावरचा डीजे, सगळं एकदम आणि सारख्याच जोरानं त्याच्या अंगावर येतं. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं मला हे समजावलं तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. तोवर आम्ही त्याला हट्टी समजत होतो.

पहिला कार्यक्रम ज्युनियर केजीतला, जुन्या शाळेतला. त्याला स्नोमॅन केलं होतं. पांढरा मखमली डगला, गळ्याशी चिकटवलेला कापूस, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी. अर्धा तास आधी मी त्याला टीचरच्या हातात दिलं आणि खुर्चीवर जाऊन बसले. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते. गाणं सुरू झालं तसा सोन्यानं दोन्ही कानांवर हात दाबले आणि तो स्टेजवर आडवा झाला. किंचाळला. टीचरनं त्याला दंडाला धरून उठवायला बघितलं, तर तो आणखी घट्ट झाला. मग पडदा ओढला गेला, मुलं अर्ध्या नाचात असताना. पुढच्या रांगेतल्या बाई मागं वळून शेजारणीला म्हणाल्या, "अशा मुलांना कशाला चढवतात स्टेजवर? बाकीच्यांचं पण बिघडतं." त्यांना माहीत नव्हतं की त्याची आई मागंच बसली आहे. की माहीत होतं, कोण जाणे.

पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शाळेतून फोन आला. आवाज अगदी मऊ होता. "उद्या नाही पाठवलंत तरी चालेल. त्यालाच त्रास होतो ना." मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. आई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांच्या माहेरची दोन पिढ्यांची शाळेची गोष्ट त्या नेहमी सांगतात. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला, आणि मूल शाळेत आलं नाही तर आईबापांना दंड व्हायचा. आईंची आजी त्या सक्तीमुळं शिकली. त्या म्हणाल्या, "तेव्हा पाठवलं नाही म्हणून दंड होता. आणि आता हे नका पाठवू म्हणतात?"

त्या दिवशी सोन्या घरीच राहिला. सकाळी पाठीला दप्तर लावून दाराशी उभा राहिला होता, कारण वार शाळेचा होता. मी दप्तर काढलं, त्यानं परत लावलं. असं चार वेळा झालं. इतर मुलांचे फोटो दिवसभर आयांच्या स्टेटसवर येत राहिले आणि मी ते सगळे बघितले.

त्यानंतर मी कायदा वाचला. तोवर दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं काम झालं होतं. सरकारी दवाखान्यात ऑटिझमसाठीची भारतीय मोजपट्टी लावतात. चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला गुण, आणि बेरजेवरून टक्केवारी. ते कार्ड आम्ही सवलतीचं कार्ड म्हणून कपाटात ठेवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं सोळावं कलम मी त्या डिसेंबरात पहिल्यांदा वाचलं. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिक्षणच नाही, तर खेळ आणि करमणुकीच्या कार्यक्रमांतही इतरांच्या बरोबरीनं संधी द्यायची. ज्याला जशी लागेल तशी रास्त सोयही करून द्यायची. करमणूक हा शब्द कायद्यात आहे हे वाचून मी किती वेळ तिथंच थांबले होते. मला वाटत आलं होतं की वर्ग आणि वही हा हक्क, आणि स्टेज म्हणजे शाळेची मेहेरबानी.

शाळा बदलली. नव्या शाळेत पहिल्या वर्षी तो मेंढरू झाला. शॅडो टीचर, म्हणजे शाळेत त्याच्यासोबत राहणाऱ्या मदतनीस बाई, त्याचा हात धरून होत्या, कानांवर मोठे निळे हेडफोन, आणि तो चार मिनिटं स्टेजवर होता. चार मिनिटं! सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मी मात्र त्या चार मिनिटांत एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. मी लोकांकडे बघत होते. कोण कुजबुजतंय, कोणाच्या कपाळाला आठी पडली, कोणी मोबाइल त्याच्याकडे वळवलाय. सोन्याच्या बाबांनी मागून काढलेला एक फोटो आहे. त्यात स्टेजवर दिवे, मेंढरं, गव्हाणी, सगळं दिसतं, आणि तिसऱ्या रांगेत मी, स्टेजकडे पाठ करून.

तो फोटो मी बरेच दिवस बघत होते. अशा मुलांच्या आया हॉलमध्ये कशा बसतात ते मला आता लांबून ओळखता येतं. खुर्चीच्या कडेवर बसतात, पर्स मांडीवर नाही तर खांद्यालाच असते, चपला पायातून सुटलेल्या नसतात.

गेल्या वर्षी दिवाळीची लांब सुट्टी संपून शाळा उघडली आणि लगेच तालमी लागल्या. आमच्या मुलांसाठी हाच काळ सगळ्यांत अवघड. सुट्टीनं दिनक्रम मोडलेला असतो, तो जरा बसतोय तोवर तालमी तो पुन्हा मोडतात. गणिताच्या तासाला मुलं हॉलमध्ये, डबा खायच्या वेळी नाच. सोन्या रोज संध्याकाळी घरी येऊन फरशीवर पालथा पडायचा आणि अर्धा तास उठायचा नाही. कार्यक्रमाचा त्रास स्टेजवरच्या चार मिनिटांत असतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो आधीच्या पाच आठवड्यांत असतो, आणि तो फक्त घरच्यांना दिसतो.

वर्गाच्या टीचर ख्रिस्ती आहेत, फतेहगंज भागातल्या. त्यांनी वालीमीटिंगनंतर, म्हणजे पालकसभेनंतर, मला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या की येशूजन्माच्या या नाटकाची मजा हीच आहे की त्यात न बोलणारे भरपूर आहेत. इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावात १२२३ साली संत फ्रान्सिसनं नाताळचा देखावा उभा केला तेव्हा गव्हाणीशी खरा बैल आणि खरं गाढव होतं.  "म्हणून इथं कोणीही उभं राहू शकतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "सोन्याला चांदणीचा स्विच देऊ का?"

गोठ्याच्या वर थर्माकोलची मोठी चांदणी टांगायची होती, आत दिव्यांची माळ. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून निघालेले तीन राजे तिच्या मागोमाग येतात. ती लागायची वेळ ठरलेली होती, विझायचीही ठरलेली होती, आणि तिचा बोर्ड विंगमध्ये होता.

मी नाही म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. पडद्यामागं नको. मला वाटलं, हे जुन्या शाळेचंच गोड रूप आहे: लपवायचं, पण काम देऊन लपवायचं. मी कायद्याचं कलमही काढलं. टीचरनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बेन, चिंता ना करो. आपण त्यालाच विचारू."

विचारायचं म्हणजे चित्रांनी. तीन कार्डं केली: मेंढरू, खजुराचं झाड, आणि स्विचबोर्डाशी उभा मुलगा. सोन्यानं तिसरं उचललं. मी म्हटलं, ते त्याच्या हाताजवळ होतं म्हणून. कार्डं फिरवून मांडली. त्यानं हात लांब करून तेच उचललं. तिसऱ्यांदा मी ते कार्ड मुद्दाम मेंढराच्या खाली सरकवलं. त्यानं मेंढरू बाजूला केलं, कार्ड काढलं, छातीशी धरलं आणि म्हणाला, "चांदणी."

इथं दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक म्हणजे तो शब्द. सोन्या तीन वर्षांचा असताना एका थेरपिस्टनं सांगितलं होतं की घरात एकच भाषा बोला, शाळेची, इंग्रजी. दीड वर्ष आम्ही ते पाळलं. सोन्याच्या बाबांना जमलं, मला ओढूनताणून जमलं, आईंना अजिबात येत नव्हतं. त्या नातवाशी बोलायच्या बंद झाल्या. दीड वर्ष त्या त्याला नुसतं भरवत आणि थोपटत राहिल्या. नंतरच्या थेरपिस्टनं सांगितलं की घरची भाषा तोडल्यानं अशा मुलांचं बोलणं सुधारतं याला काही आधार नाही, उलट घरातलं एक माणूस तुटतं. त्या रात्री आई त्याला घेऊन गच्चीवर गेल्या आणि मोजायला लागल्या, ही एक चांदणी, ही दुसरी चांदणी. आज त्याचे जे थोडे शब्द आहेत त्यांतले निम्मे आजीच्या तोंडचे आहेत. त्या दीड वर्षाची भरपाई मला कधी करता येणार नाही.

दुसरी गोष्ट स्विचची. कोणाच्याही घरी गेलो की सोन्या आधी बोर्ड शोधतो. लावायचं, बंद करायचं, पुन्हा लावायचं. आम्ही चार वर्षं घरातल्या बोर्डांवर चिकटपट्ट्या लावल्या. ती सवय मोडायची म्हणून थेरपीत तास घातले, पैसे घातले. तो दिवा लावून वर बघतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंच नव्हतं, कारण मी त्याचा हात धरायला धावत असायचे. आणि आता टीचर म्हणत होत्या की हे तो सगळ्या वर्गात चांगलं करेल.

त्याला स्टेजवर उभं करायचा हट्ट कोणाचा होता, ते मला तिथं कळलं. मला त्या पुढच्या रांगेतल्या बाईंना दाखवायचं होतं. सोन्याला चांदणी लावायची होती.

टीचरनी मध्यममार्ग काढला. इलेक्ट्रिशियनकडून वायर लांब घेतली आणि बोर्ड विंगेतून बाहेर, स्टेजच्या उजव्या कडेला आणला, पडद्याच्या पुढं. तिथं एक स्टूल. आकाशातली मुलं घालतात तोच गडद निळा डगला सोन्यालाही. ज्याला बघायचं असेल त्याला तो दिसेल, आणि हॉलकडे बघायची त्याला सक्ती नसेल, कारण बोर्डाकडे तोंड केलं की हॉलकडे आपोआप पाठ होते.

मग तयारी. डगला भाड्याचा, सॅटिनचा, मानेशी सोनेरी काठ बोचरा. मी ड्रेसवाल्याला जास्त डिपॉझिट देऊन तो तीन आठवडे आधी घरी आणला. मागचं लेबल उसवलं, काठाला आतून जुन्या सुती धोतराची पट्टी शिवली, तीनदा धुतला तेव्हा नवेपणाचा वास गेला. पहिल्या दिवशी डगला फक्त खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी मांडीवर. पाचव्या दिवशी बनियनवर, कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत. हे वाचून एखाद्याला कंटाळा येईल, पण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ही पट्टी नक्की शिवावी. सुती हवी, आणि टाके बाहेरच्या बाजूनं.

शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या हॉलमध्ये जायची परवानगी घेतली. मी मोबाइलवर नऊ फोटो काढले: शाळेचं फाटक, हॉलचं दार, खुर्च्या, स्टेज, स्टूल, बोर्ड, विझलेली चांदणी, लागलेली चांदणी, आणि कॉम्प्युटरची खोली, जिथं नको झालं तर जायचं. त्याची चित्रगोष्ट करून आजी रोज रात्री वाचत होत्या. कालनिर्णयवर रोज एक फुली. चांदणीच्या दिवसावर त्यानं स्वतः पिवळा खडू फासला.

शाळेला मी पत्रही दिलं. स्पीकर उजव्या बाजूनं काढून डावीकडे न्यावा. लुकलुकणारे डीजेचे दिवे नकोत. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवावेत, शेवटी मात्र हव्या तेवढ्या टाळ्या वाजवाव्यात. कॉम्प्युटरची खोली उघडी असावी. स्पीकर हलला, खोली मिळाली. हात हलवण्याचं आधी नाही म्हणाले, बाकीच्या पालकांना मजा येणार नाही म्हणून. मग टीचरनी दुसरीतल्या मुलांनाच शिकवलं आणि मुलांनी घरी जाऊन आईबापांना. दिव्यांचं मात्र शेवटच्या नाचापुरतं त्यांनी ठेवलंच. तेवढ्यापुरतं सोन्याला बाहेर न्यायचं ठरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सोन्याचे बाबा मकरपुऱ्याहून अर्धा दिवस टाकून आले. मी, ते आणि आई तिसऱ्या रांगेत. आईंनी चपला काढून खुर्चीखाली सारल्या. मीही सारल्या, बघून.

शेजारी एक गुजराती वडील होते. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर लागते, आणि ती तिघांपैकी एक राजा होती. स्टेजला चार पायऱ्या आहेत. आदल्या वर्षी तिला दोघांनी सामानासारखी उचलून वर ठेवली होती. ती तेव्हा हसली नव्हती, एवढंच ते म्हणाले. या वर्षी सुतारानं फळ्यांचा उतार करून दिला होता. चेअरच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचा उंट लावला होता, तो तिनंच सुचवलेला. "आ वर्षे जाते चढशे," या वर्षी स्वतः चढेल, असं ते मला दोनदा म्हणाले. त्यांच्या पलीकडच्या बाईंच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. ती देवदूत होती आणि तिला एकच वाक्य होतं.

सुरुवातीलाच एक मेंढरू रडलं. वर्गातलं साधं, बोलकं मूल, आई दिसली म्हणून हुंदके देत स्टेजवरून खाली उतरलं आणि तिच्या मांडीवर जाऊन बसलं. सगळा हॉल प्रेमानं हसला. "ऑऽ" असा आवाज झाला. मला त्या मुलाचं काही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. पण मनात आल्यावाचून राहिलं नाही की तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात एक मूल असंच रडलं होतं आणि त्याच्यावर पडदा ओढला होता. रडणं एकच. लोकांनी ते कोणाचं म्हणून ऐकलं, एवढाच फरक.

मग रात्र झाली, मेंढपाळ झोपले, देवदूत आली. बायबलमधल्या लूकच्या कथेत देवदूत मेंढपाळांना म्हणतो तेच तिचं वाक्य, भिऊ नका. इंग्रजी तिच्या तोंडी बसत नव्हतं म्हणून टीचरनी गुजराती दिलं होतं. ती पुढं आली, माइक बाजूला केला आणि म्हणाली, "गभराशो नहीं." शब्द स्पष्ट नव्हते, पण हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले असतील. मी तिच्या आईकडे बघितलं. आईचे ओठ तेच वाक्य म्हणत होते, एक क्षण आधी. हात वर झाले, निम्मे लोक हलवत होते, निम्म्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

सोन्या स्टुलावर होता. पाठ आमच्याकडे, डावा हात मांडीवर, उजव्या हाताचं बोट पाचव्या स्विचवर, जिथं पिवळी चिकटपट्टी होती. त्याच्या मानेवर माझा टाका दिसत होता.

निवेदक मुलानं तोंड उघडलं आणि माइक किंचाळला. ती कर्कश शीळ मलाही सहन झाली नाही. सोन्याचे दोन्ही हात हेडफोनवर गेले. बोट स्विचवरून सुटलं. तो पुढं-मागं हलायला लागला. मी उठलेच. पर्स खांद्याला, दाराकडे नजर. आईंनी माझ्या मनगटाला धरलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं खाली ओढलं.

निवेदकानं वाक्य तसंच पुढं रेटलं. आकाशात चांदणी लागली आणि राजे निघाले, असं तो म्हणून मोकळा झाला, आणि चांदणी तर काळीच होती. पहिला राजा चालायला लागला. दुसरा त्याच्या मागं. तिसरी, उंटावरची, उताराच्या पायथ्याशी थांबली. तिला हातानं खूण केली कोणीतरी, चल म्हणून. तिनं मान हलवली. तालमीत तिला सांगितलेलं होतं, चांदणी लागली की निघायचं. ती सोन्याकडे बघत होती, आणि घाई अजिबात करत नव्हती. दोन राजेही मागं वळून थांबले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. शेजारचे वडील खुर्चीच्या कडेवर आले.

मी या वेळी लोकांकडे बघितलं नाही. मी सोन्याची पाठ बघत होते. हलणं हळू झालं. मग थांबलं. डावा हात खाली आला, मग उजवा. बोटानं पिवळी पट्टी शोधली, जरा वेळ नुसती चाचपली.

टक्.

चांदणी लागली, आणि सोन्यानं मान वर केली. उजव्या बाजूनं मला त्याचा अर्धा चेहरा दिसला, निळसर उजेडात, तोंड थोडं उघडं. घरातल्या प्रत्येक बोर्डापाशी तो चेहरा होता. आठ वर्षं.

उंट फळ्यांवरून चढायला लागला. मधे एकदा चाक अडलं, तिनं स्वतः मागं घेतलं आणि पुन्हा ढकललं. हात वर झाले, या वेळी जवळजवळ सगळ्यांचे. तिच्या वडिलांनी हात वर केला नाही, ते दोन्ही हातांनी हवेतच चाकं फिरवत होते.

पुढं काय काय झालं ते सगळं मला सांगता येईल. योसेफाची दाढी निसटली होती. एका राजाच्या पेटीतून चॉकलेटं पडली. डीजेचे दिवे लागायच्या आधी शॅडो टीचर सोन्याला न्यायला आल्या, तर तो स्टुलाला धरून बसला. त्यांनी त्याच्या डोळ्यांवर आपली ओढणी धरली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, नाच संपेपर्यंत. शेवटी टाळ्या झाल्या, फोटो झाले, सांताक्लॉजनं गोळ्या वाटल्या, आणि लोक दाराकडे निघाले.

सोन्या उठेना. चांदणी लागलेलीच होती. वॉचमन खुर्च्या गोळा करायला आला. आम्ही स्टेजपाशी गेलो. सोन्याच्या बाबांनी त्याच्या समोर बसून, घरी जायचंय, असं दोनदा सांगितलं. तो बोट पाचव्या स्विचवर ठेवून बसलेला, आणि मान निवेदकाच्या माइककडे.

टीचरच्या लक्षात आधी आलं. निवेदकाचं शेवटचं वाक्य राहून गेलं होतं. रात्र सरली आणि सगळे आपापल्या घरी गेले, या वाक्यावर चांदणी विझवायची, असं तालमीत ठरलं होतं. गडबडीत तो मुलगा ते न म्हणताच खाली उतरला होता. हॉलमध्ये आता आम्ही चौघं, देवदूत आणि तिची आई, उंटावरचा राजा आणि त्याचे वडील, आणि वॉचमन. टीचर स्टेजवर चढल्या, बंद माइकसमोर सरळ उभ्या राहिल्या, आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून ते वाक्य म्हणाल्या. अगदी सावकाश, निवेदक म्हणायचा तसं.

सोन्यानं स्विच बंद केला. मग स्टुलावरून उतरला, हेडफोन काढून आजीच्या हातात दिले आणि डगल्याची नाडी सोडायला लागला.